लाइफ सायन्समध्ये पीएचडी करायचीय? आधी कॅलेंडर काढा

दरवर्षी नेटचा (प्राध्यापकी आणि पीएचडीसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा) रिझल्ट लागला की मला दोन-चार फोन येतातच, कुणाची भाची, कुणाच्या शेजारचा मुलगा, एकदा तर आमच्या वाण्याच्या मुलीचा आला होता, आणि प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पीएचडीला कुठे अप्लाय करू?" मी उलट विचारते, तुझं वय किती, घरचे किती वर्षं थांबतील, आणि तुला कुठल्या सजीवावर काम करायचंय. पहिले दोन प्रश्न ऐकून पोरांना वाटतं ही बाई स्थळ बघतेय, तिसरा ऐकून वाटतं हे काय आत्ताच ठरवायचं असतं का. तर हो, आत्ताच. मला स्वतःला साडेसहा वर्षं लागली आणि त्यातलं दीड वर्ष तरी निव्वळ वाट बघण्यात गेलं, आणि ते कशात गेलं हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय. हे सगळं भारतातल्या, त्यातही पुण्या-मुंबईकडच्या पीएचडीबद्दल आहे, परदेशाचं थोडंसं मध्ये येईल.

कागदावर काय आहे ते आधी बघू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी कोर्सवर्क (सुरुवातीचे तास आणि पेपर) धरून कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, त्यानंतर री-रजिस्ट्रेशन करून अजून २ मिळू शकतात, आणि मुलींना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याच्याही वर २ वर्षांची सवलत आहे. शिवाय पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह घेता येते. आता कॉमर्सवाली मैत्रीण तीन-साडेतीन वर्षांत डॉक्टर होते आणि आपण पाचव्या वर्षीही "डेटा येतोय" म्हणत असतो, ते आपण आळशी म्हणून नाही. आपलं टाइमटेबल आपण ठरवत नाही, ज्याच्यावर काम करतो तो जीव ठरवतो.

म्हणजे कसं बघा. ई. कोलाय बॅक्टेरिया चांगल्या मीडियात (वाढीसाठीच्या पोषक द्रावणात) २० मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो, सी. एलिगन्स नावाचा तो बारीक जंत तीन-चार दिवसांत अंड्यापासून मोठा होतो, फळमाशी २५ डिग्रीला १० दिवसांत. म्हणजे यांच्यात एक प्रयोग फसला तर पुढच्या आठवड्यात, फार तर पुढच्या महिन्यात परत. झेब्राफिश या छोट्या माशाला एका पिढीला तीनेक महिने. आणि उंदीर. उंदराचं गर्भारपण साधारण तीन आठवडे, पिल्लं मोठी होऊन जोडीला लावायला अजून सहा ते आठ आठवडे, म्हणजे एक पिढी अडीच महिने धरा. समजा तुम्हाला दोन वेगवेगळी जनुकं बंद केलेला उंदीर हवाय आणि हातात एकेक बंद असलेले दोन प्रकार आहेत, तर दोन पिढ्या लागणार, म्हणजे पाच महिने, आणि दुसऱ्या पिढीत तुम्हाला हवा तो उंदीर हिशोबाने सोळात एक, आणि एका वेताला पिल्लं सहा-आठ. म्हणजे नुसता उंदीर हातात यायलाच सहा महिने ते वर्ष, प्रयोग अजून सुरूच झाला नाही! आणि मग तो उंदीर मोठाच होत नाही असं कळतं, कारण ती दोन्ही जनुकं नसली तर पिल्लू पोटातच मरतं. हसू नका, होतं असं.

झाडांवर, शेतीवर किंवा जंगलात काम करणाऱ्यांचं तर वेगळंच. गव्हावर काम असेल तर पेरणी नोव्हेंबरात, ती चुकली की पुढचा रब्बी. बेडकांवर काम असेल तर सह्याद्रीत पाऊस पडतो तेव्हाच बेडूक दिसतो, त्या चार महिन्यांत वनखात्याची परवानगी हातात नसेल तर वर्ष गेलं. कासच्या पठारावरच्या फुलांचा मुख्य बहर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, बस. आणि कारवीवर पीएचडी घेऊ नका एवढंच सांगते, ती सात वर्षांनी एकदा फुलते, यूजीसीचे ६ त्याआधी संपतील.

म्हणून विषय निवडताना "मला कॅन्सरवर काम करायचंय" असं म्हणू नका, सगळेच म्हणतात. असं विचारा की या कामात एक प्रयोग सुरू करून उत्तर मिळेपर्यंत किती दिवस जातात, आणि तो चुकला तर परत करायला किती. उत्तर तीन दिवस असेल तर बिनधास्त करून बघा, डोकं नंतर चालवा. तीन महिने असेल तर आधी कागदावर पंचवीस वेळा चालवा.

आता एंट्री. मुख्य रस्ता सीएसआयआर (केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद) आणि यूजीसीची नेट, लाइफ सायन्सेस, वर्षातून साधारण दोनदा. तीन तास, २०० मार्क. ए पार्ट सगळ्यांना सारखा, गणित-लॉजिक, २० पैकी १५ सोडवायचे. बी मध्ये ५० पैकी ३५, दोन-दोन मार्कांचे. खरा खेळ सी चा, ७५ प्रश्न आणि सोडवायचे फक्त २५, पण प्रत्येकी ४ मार्क, म्हणजे निम्मा पेपर तिथेच, आणि चुकलं की २५ टक्के कापतात. सिलॅबसमध्ये १३ युनिट आहेत आणि पोरं तेराच्या तेरा करायला जातात आणि सगळीच अर्धवट राहतात. पाच-सहा युनिट अशी करा की सी मधला आलेख किंवा जेलचा (डीएनए-प्रोटीन वेगळं करून दाखवतात त्याचा) फोटो बघून उत्तर काढता येईल, बाकीची बी पुरती. आणि शेवटचं युनिट मेथड्सचं असतं ते कुणीही सोडू नका, पेपरातही कामाला येतं आणि इंटरव्ह्यूत तर त्याच्यावरच धुतात.

२०२४ पासून निकालाचे तीन प्रकार झालेत, जेआरएफसकट (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे दरमहा पैसे) सगळं, मग असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी, आणि तिसरा नुसता पीएचडी प्रवेशासाठी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात विद्यापीठ प्रवेश देताना नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरतं आणि तो स्कोअर वर्षभरच चालतो. लोक "नेट झालं" म्हणून पेढे वाटतात आणि मग कळतं की फेलोशिप नाहीये. प्रवेश आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॉर्म भरण्याआधी डोक्यात घट्ट बसवा.

नेटशिवाय डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट परीक्षा आहे, इंजिनीअरिंग-सायन्सवाल्यांची गेट आहे, आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) घेते ती जेजीबिल्स, जी एक परीक्षा बऱ्याच संस्था धरतात. जेजीबिल्सला पाठांतर चालत नाही, प्रयोग दिलेला असतो आणि विचारतात यावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही. मला विचाराल तर तुम्ही रिसर्चला लायक आहात का हे नेटपेक्षा ती परीक्षा जास्त चांगलं सांगते. युनिव्हर्सिटीत पहिले आलेल्यांनी डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची) इन्स्पायर फेलोशिप विसरू नका. आणि राज्याच्या योजना आहेत, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटके-विशेष मागास यांच्यासाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय. यांच्या जाहिराती येतात तेव्हा जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हातात नसलं की संपलं, तेव्हा ते कागद एम.एस्सी.लाच करून ठेवा.

कुठे करायची, तर आपल्या जवळच इतकं आहे की दिल्ली-बंगलोर बघायच्या आधी हे बघा. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि शेजारीच आयसर, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर काम करणारं एनसीसीएस, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था, एनआयव्ही व्हायरससाठी, मुंबईला कुलाब्याचं टीआयएफआर, आयआयटीचा बायोसायन्स विभाग, परळला प्रजननावर काम करणारी आयसीएमआरची संस्था, खारघरला कॅन्सरसाठी अ‍ॅक्ट्रेक, समुद्रावर करायचं असेल तर गोव्यात दोनापावलाचं एनआयओ. बऱ्याच ठिकाणी प्रवेश ऑगस्टला आणि जानेवारीला होतात. डिग्री कोण देणार हेही विचारा, संस्था एक आणि डिग्री दुसऱ्याची असं असतं, म्हणजे एनसीएलला एसीएसआयआर (सीएसआयआरचीच अकादमी), अ‍ॅक्ट्रेकला होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट, फी आणि नियम त्याप्रमाणे बदलतात.

पण संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा, आणि इथे लग्नासारखीच चौकशी करायची, लाजायचं नाही. पहिलं, शोधगंगा उघडा. बऱ्याच विद्यापीठांचे थिसिस तिथे असतात, त्या गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे काढा आणि सुरुवातीच्या पानांवर रजिस्ट्रेशन कधीचं आणि सबमिशन कधीचं ते बघा. तीन विद्यार्थ्यांचं अ‍ॅव्हरेज काढलंत की तुमचं भविष्य कळलं, ज्योतिषाची गरज नाही. दुसरं, पबमेडवर (जीवशास्त्र-वैद्यकाच्या पेपरांची ऑनलाइन यादी) गेल्या पाच वर्षांतले पेपर बघा आणि पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा, विद्यार्थ्यांचं आहे की दर वेळी पोस्टडॉकचंच (पीएचडी झालेल्या संशोधकाचंच). तिसरं, चालू ग्रँट (लॅबला मिळालेले संशोधनाचे पैसे) कधी संपतेय. ग्रँट बहुधा तीन वर्षांची असते आणि तुमची पीएचडी पाच-सहाची, म्हणजे मध्ये एकदा तरी पैशाचा दुष्काळ पडणारच, त्यावेळी लॅब कशी चालते ते विचारा. चौथं, सर रिटायर कधी होतायत, तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली असेल तर नियमाने त्यांना नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. सीट पण मोजून असतात, प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४, त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्या सरांकडे खरंच जागा नसू शकते.

आणि पाचवं, सगळ्यात कामाचं, त्या लॅबच्या पोरांना कँटीनमध्ये भेटा, लॅबमध्ये नाही. लॅबमध्ये सगळे "सर खूप सपोर्टिव्ह आहेत" म्हणतात. कँटीनमध्ये कटिंग घेऊन एवढंच विचारा की शेवटची सुट्टी कधी घेतलीस, आणि सोडून कोण गेलं आणि का. पहिल्या प्रश्नाला जो पोरगा वर बघून आठवायला लागतो तिथे सावध. जमलं तर सोडून गेलेल्यालाही शोधून फोन करा, तो थोडं जास्त वाईट सांगेल पण त्यातलं निम्मं तरी खरं असतं. काही संस्थांत लॅब रोटेशन असतं, म्हणजे काही आठवडे एकेका लॅबमध्ये काम करून मग निवडायचं, तसं मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर आधी प्रोजेक्टवर वर्षभर काम करून लॅब आतून बघता येते, फक्त ते एक वर्ष तीन वर्षांचं होऊ देऊ नका, "आता घेतोच तुला पीएचडीला" या वाक्यावर माझ्या एका मैत्रिणीची दोन वर्षं गेली.

इंटरव्ह्यूबद्दल लोक उगाच घाबरतात, खास करून आपली मराठी मीडियमची पोरं. इंग्रजी मोडकं चालतं, खरंच चालतं, माझं चाललं. तुमच्या एम.एस्सी.च्या डिसर्टेशनमध्ये घुसतात, आणि कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) काय होता, का होता, तो नसता तर काय झालं असतं, एवढ्यावरच अर्धा तास काढतात. म्हणून स्वतःच्या कामातल्या प्रत्येक बफरमध्ये काय होतं आणि का होतं ते माहीत ठेवा. किट वापरलं असेल तर किटच्या आत काय चालतं ते. आलं नाही तर "माहीत नाही, पण मी असं शोधून काढीन" म्हणा, थापा मारू नका, समोर बसलेल्यांचं आयुष्य थापा पकडण्यात गेलंय.

मिळाला प्रवेश, झालं अभिनंदन, आता पहिलं वर्ष. कोर्सवर्क असतं, किमान १२ क्रेडिट, त्यात रिसर्च आणि पब्लिकेशन एथिक्सचा पेपर सगळ्यांना कम्पल्सरी. पोरं कोर्सवर्क संपेपर्यंत बाकी काहीच करत नाहीत, आणि माझं दीड वर्ष गेलं ते इथूनच सुरू झालं. कारण परवानग्या. प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची, जीएमओ (जनुकं बदललेले जीव) असेल तर बायोसेफ्टी कमिटीची, माणसांचं रक्त-बिक्त असेल तर ह्यूमन एथिक्सची, आणि या कमिट्या वर्षातून मोजक्याच वेळा बसतात. मी माझा फॉर्म मीटिंगच्या चार दिवस नंतर दिला, पुढची मीटिंग काही महिन्यांनी, तिथे दोन शंका काढल्या, त्या पुढच्या मीटिंगला मंजूर. म्हणजे चार दिवसांच्या आळसाला जवळपास वर्ष. तेव्हा जॉइन झाल्याच्या पहिल्या महिन्यात सिनियरकडून जुना मंजूर झालेला फॉर्म मागा, तारखा विचारा, आणि कोर्सवर्क चालू असतानाच तुमचा लिहून टाका.

पेशंटचे नमुने घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, संमतीपत्र मराठीतही लागतं आणि ते शब्दकोश घेऊन लिहू नका. "आपल्या जैविक नमुन्याचे जनुकीय विश्लेषण" असलं वाचून माझ्या समोरच्या आजी म्हणाल्या, "बाई, किडनी काढणार का काय?" मग आम्ही सरळ लिहिलं की हातातून दोन चमचे रक्त घेऊ, तुमचा आजार घरात पुढच्यांना होऊ शकतो का ते बघू, नको असेल तर नाही म्हणा, उपचारात फरक पडणार नाही. लोक पटापट सह्या करायला लागले.

दुसरा वेळखाऊ राक्षस म्हणजे खरेदी. अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीन ओळखायला वापरतात ती) परदेशातून येते, कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, कस्टम, ड्राय आइस, हे सगळं धरून दोन-तीन महिने सहज. त्यात मार्च एंडिंग, ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून सगळे एकदम ऑर्डरी टाकतात आणि एप्रिलमध्ये नवीन हप्ता येईपर्यंत पिपेट टिपसुद्धा जपून वापरायची वेळ येते. त्यामुळे दिवाळीला बसून पुढच्या जूनपर्यंत काय लागेल त्याची यादी करा. मी तर टिप्सचे दोन डबे कपाटात मागे लपवून ठेवायचे, कुणाला सांगू नका.

आता प्रत्यक्ष बेंचवरचं, म्हणजे लॅबमधल्या टेबलावरचं. हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत, सिनियर शिकवतात, तेही तुम्ही चहा पाजलात तर.

ट्यूबवर मार्करने लिहिता ना, त्यावर ७० टक्के इथेनॉलचा हात लागला की पुसलं जातं, आणि हूडमध्ये (निर्जंतुक काम करायच्या कपाटात) तर आपण सगळ्यावर इथेनॉलच मारतो. लेबल प्रिंटर नसेल तर लिहून वर सेलोटेप लावा, किंवा झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे लिहा. तारीख, नाव, काय आहे. "नवीन" असं लिहू नका, माझ्याकडे "नवीन", "नवीन २" आणि "खरं नवीन" अशा तीन ट्यूब होत्या, तिन्ही फेकल्या.

सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) हातात आली की पहिलं काम, प्रयोग नाही, तिच्या दहा-बारा व्हायल्स (छोट्या बाटल्या) करून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका, शक्यतो दोन वेगळ्या टाक्यांत. आणि मायकोप्लाझ्माची टेस्ट करा, आल्या दिवशी आणि मग दर महिन्याला. हा असा बॅक्टेरिया आहे की मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, सेल्स मजेत वाढताना दिसतात आणि आतून सगळं वागणं बदललेलं असतं. माझे आठ महिने असेच गेले. इतका सुंदर डेटा होता, सगळे आलेख वर जाणारे, आणि शेवटी कळलं की तो माझ्या औषधाचा परिणाम नव्हता, मायकोप्लाझ्माचा होता. त्या दिवशी मी लॅबमधून निघाले, मिसळ खाल्ली आणि घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेट ब्लीचमध्ये.

सँपल एकाच मायनस ८० डिग्रीच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. एका गणपतीत सगळे गावाला गेले होते, कॉम्प्रेसर बसला, अलार्म वाजला असेल पण ऐकायला कोण, परत आलो तर खाली पाणी. ज्यांनी निम्मी सँपल दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीझरला ठेवली होती ते वाचले, मी त्यात नव्हते. तसंच डेटाचं, तीन ठिकाणी कॉपी, त्यातली एक तरी दुसऱ्या इमारतीत.

नोटबुकात फसलेले प्रयोग पण लिहा, उलट तेच आधी लिहा. अँटीबॉडीचा लॉट नंबर लिहा, लॉट बदलला की प्रोटीन दाखवणारा बँड (पट्टा) गायब होतो आणि आपण दोन महिने स्वतःला शिव्या देत बसतो. आणि एन, म्हणजे प्रयोग किती स्वतंत्र नमुन्यांवर केला तो आकडा. एकाच प्लेटमधल्या तीन वेल्स (खाचा) म्हणजे एन बरोबर तीन नव्हे! ती एकाच सँपलची तीन मोजमापं झाली. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (वेगळ्या वेळी नव्या प्लेटमध्ये वाढवलेल्या) सेल्स, किंवा वेगळे तीन उंदीर, ते खरे तीन. हे व्हायवाला (शेवटच्या तोंडी परीक्षेला) कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, आणि उंदीर किती लागतील हे प्रयोगाच्या आधी स्टॅटिस्टिक्सवाल्याला विचारा, नंतर तो फक्त पोस्टमॉर्टेम करतो.

विषय एकच घेऊ नका, दोन ठेवा. एक गाइडचं मोठं स्वप्न, जे लागलं तर लागलं, आणि दुसरं छोटं, कमी दिवसांच्या चक्राचं, ज्यातून काही ना काही नक्की निघेल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात तेच. उंदरांची पैदास होईपर्यंत सेल्सवर काम करा, सेल्स कंटॅमिनेट झाल्या की त्या दोन आठवड्यांत कुणीतरी जाहीर केलेला सिक्वेन्सिंगचा (डीएनए वाचनाचा) डेटा घेऊन कॉम्प्युटरवर बसा. थोडं आर (आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा) शिकून घ्या, लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं. माझ्या ओळखीत पाच वर्षांच्या आत संपवलेला जीवशास्त्रवाला एकच आहे आणि त्याने पिपेट हातात धरलंच नाही.

तुमच्यासारखंच काम आधी दुसऱ्या कुणाचं छापून आलं तर जग बुडत नाही. एक दिवस रडा, मग त्यांनी काय नाही केलं ते बघा, बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलं असतंच. प्लॉस बायॉलॉजीसारखी काही जर्नल्स सहा महिन्यांच्या आत आलेलं तसंच काम घेतात सुद्धा.

पैसे. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी असेसमेंट होऊन एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलो) झालात की ४२,०००, वर हॉस्टेल नसेल तर घरभाडं शहराप्रमाणे. ऐकायला बरं वाटतं, पण कुठलीही फेलोशिप दर एक तारखेला येईल असं समजू नका, कधी तीन महिन्यांचे एकदम येतात आणि कधी त्या तीन महिन्यांत मेसवाल्याला तोंड चुकवावं लागतं. चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय बाइकचा हप्ता सुरू करू नका. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि फेलोशिप साधारण पाच वर्षांनी बंद होते, तुमची पीएचडी तेव्हा बंद होत नाही. शेवटचं वर्ष कशावर काढणार ते तिसऱ्या वर्षीच ठरवा.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत बी.एस. या पदवीनंतर थेट घेतात, पाच-सहा वर्षं, बायॉलॉजीत फी आणि स्टायपेंड बहुधा प्रोग्रामच देतो, डेडलाइन बऱ्याचशा डिसेंबरात, आणि बऱ्याच ठिकाणी आता जीआरई ही प्रवेश परीक्षा मागत नाहीत. जर्मनीत पीएचडी बऱ्याचदा नोकरीच्या कॉन्ट्रॅक्टवर असते, तीन-चार वर्षं, पण मास्टर्स लागतं. कुठेही जा, उंदीर तिथेही तीन आठवड्यांनीच वितो.

घरच्यांना पहिल्या दिवशी खरं सांगा. "तीन वर्षं" सांगितलंत की चौथ्या गणपतीला आत्या विचारणार. मी आईला सरळ सहा सांगितली होती, ती म्हणाली एवढ्यात खरी डॉक्टर झाली असतीस, पण नंतर तिने कधी विचारलं नाही, साडेसहा झाल्यावर फक्त एकदा भुवई उडवली. रविवारी सेल्सना मीडिया बदलायला जावं लागतं हे लग्न ठरवताना पण सांगा, नंतर कुणाला खोटं वाटतं. लॅबमेटशी एक रविवार तुझा एक माझा असा सौदा करून टाका.

लिहायला शेवटी बसू नका. मटेरियल-मेथड्स तर प्रयोग केला त्याच आठवड्यात लिहा, झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) रेफरन्स पहिल्या दिवसापासून भरा. सिमिलॅरिटी (दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणारा भाग) १० टक्क्यांपर्यंत चालते, त्याच्या वर गेली की दुरुस्त करून परत द्यावं लागतं आणि ६० च्या वर तर रजिस्ट्रेशनच जातं. २०२२ च्या नियमांत थिसिस द्यायच्या आधी पेपर छापलेला असायलाच हवा अशी अट नाही, पण खूप संस्थांनी स्वतःची अट ठेवलीय, तुमच्या ऑफिसमधून लेखी घ्या. आणि घाईत पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका, सीव्हीवर तो डाग कायम राहतो.

जाडजूड थिसिसचा पण उगाच अभिमान नको. दुर्गाबाई भागवतांच्या बहीण कमला, लग्नानंतरच्या सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या संस्थेत मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं होतं, त्या अडून बसल्या आणि अटींवर प्रवेश मिळवला, आणि पुढे केंब्रिजला वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी वर चौदा महिन्यांत पीएचडी केली, १९३९ मध्ये, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. थिसिस किती पानांचा? ४०. माझा २१२ पानांचा होता आणि त्यातली साठ तरी मी भीतीपोटी घातली होती. तेव्हा गाइडने "हे काढ" म्हटलं तर काढा.

सबमिट केल्यावर थिसिस कमीत कमी दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि रिपोर्ट यायला महिने लागतात, त्या काळात आठवड्यातून एकदा ऑफिसात जाऊन "आला का हो?" विचारत राहा, गोड बोलून, क्लार्कशी वैर नको. याच वेळात पोस्टडॉकचे मेल लिहा, नोकऱ्या बघा, राहिलेला पेपर संपवा. आणि एक दिवस काढून फ्रीझरमधले तुमचे डबे आवरा. कुठल्या कप्प्यात कुठल्या डब्यात काय आहे त्याची एक्सेल शीट करून गाइडला आणि पुढच्या विद्यार्थ्याला दोघांना पाठवा, प्रत्येक प्लाझमिडचा (प्रयोगासाठी बनवलेल्या गोल डीएनएचा) मॅप सोबत जोडा, ज्याचं तुम्हालाच काय आहे ते आठवत नाही ते ऑटोक्लेव्ह करून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून) फेका. ते नाही केलंत तर व्हायवाच्या दिवशी पेढे खाता खाता ज्युनियर येऊन विचारणार, "ताई, ते 'खरं नवीन' म्हणजे नक्की काय होतं?"